मागणीचा दात

अळूच्या चिखलातून उनाइसी वर आली तेव्हा तिचा नवरा ओट्यावर बसून मांडीवर काथ्याची दोरी वळत होता. शेजारी चटईवर देवमाशाचा दात ठेवलेला. खोबरेल चोळून चोळून त्याचा पिवळेपणा तांबूस झाला होता.

तिने पाठीवरचं अळूच्या गड्ड्यांचं ओझं खाली टाकलं.

"हा कशाला काढलाय?"

"दादाने सांगितलं. जुनी दोरी कुजली, नवी घाल म्हणाला."

"कुणाचं लग्न?"

"लग्न नाही."

"मग मेलं कोण?"

"कुणी नाही मेलं. तू आधी पाय धू."

तिने पाय धुतले नाहीत. पिंढऱ्यांवरचा चिखल वाळून त्याला भेगा पडत होत्या. हातात कोयता घेऊन ती तशीच उभी राहिली. साकिउसाने दोरीकडे बघतच सांगितलं, "शनिवारी वर जायचंय. डोंगराच्या घरी. एमोसीला मागून आणायचंय."

"मागून म्हणजे?"

"दात ठेवून. रीतीने."

"त्याला काय कुणी पळवून नेलंय? मी ठेवलंय तिथं. बरा होण्यासाठी ठेवलंय."

"दादा म्हणतो..."

"दादा काय म्हणतो ते नदीपलीकडे ऐकू जातं. तुम्ही काय म्हणता?"

साकिउसाने दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि पीळ घट्ट केला. 

दात पुढे धरला आणि समोरच्याने तो हातात घेतला, की मागितलेलं द्यावंच लागतं. या नदीकाठी मुली अशाच मागतात, मेलेल्याची माती अशीच मागतात, खुनाची माफीसुद्धा. अर्धा बरा झालेला मुलगा कुणी असा मागितल्याचं मात्र उनाइसीने ऐकलं नव्हतं.

एमोसी त्यांचा एकुलता एक. रग्बीचा चेंडू काखेत मारून तो सुटला की नदीच्या दोन्ही काठांवरची गावं उभी राहत. गावचा संघ म्हणजे एमोसीचे पाय, असं त्याचा थोरला चुलता अपाकुकी सगळ्यांना सांगायचा. मग पोरांनी शहरातून ते पांढरं आणलं. काचेच्या नळीतून ओढायचं. एमोसीची झोप गेली, भूक गेली. तो कसावाच्या रोपांना कान लावून बसायला लागला. रोपं आपलं नाव घेतात म्हणायचा. एका सकाळी त्याने सगळा वाफा उपटला आणि आईची गाभण डुकरीण कोयत्याने तोडली, का तर ती त्याच्याकडे बघून हसली.

चुलत्यांनी त्याला घराच्या खांबाला बांधलं. त्याच्यासाठी प्रार्थना केल्या, आणि प्रार्थनेने भूत जाईना तेव्हा होडीच्या वल्ह्याने झोडपलं. उनाइसी संध्याकाळी खांबाशी बसून त्याला कुसकरलेला कंद भरवायची, मनगटांना तेल लावायची. एकदा पुरुष सभाघरात बसलेले असताना तिने दोरी कापली, त्याचं मनगट आपल्या मनगटाला फडक्याने बांधलं आणि बसने त्याला सुवा शहरातल्या दवाखान्यात नेलं. बसमध्ये लोक उठून दुसरीकडे बसले. दवाखान्याने त्याला डोंगरावरच्या घरी पाठवलं. तिथं राहायचं, गाईगुरं सांभाळायची, भाजी लावायची, सकाळ-संध्याकाळ औषध घ्यायचं. नशा सुटेपर्यंत आणि डोकं ठिकाणावर येईपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही.

पहिल्या भेटीत त्याने आईकडे आणखी वाढ म्हणून ताट पुढे केलं होतं. त्या दिवशी परत येताना ती बसमध्ये तोंडावर फडकं धरून रडली. तो पुरता बरा होऊन घरी येईपर्यंत दर बुधवारी तोंडात पाणीही घेणार नाही, असं तिने देवाला सांगितलं होतं. माणसांना सांगितलं नव्हतं.

ती तशीच चिखलाच्या पायांनी अपाकुकीच्या घरी गेली. तो मोठ्या पानांच्या नीरफणसाखाली बसून लोखंडी उखळात गुंगी आणणाऱ्या पेयासाठी यांगोनाची मुळं कुटत होता. भरदार माणूस. घणासारखी पहार उचलायचा आणि खाली सोडताना हुंकार द्यायचा.

"ये गं. शेतातूनच आलीस? बस."

"बसत नाही, भाऊजी. शनिवारचं ऐकलं."

"मग चांगलंच ऐकलंस. कंद भरपूर उकड. कोंबडी मी देतो. तिथल्या लोकांना रिकाम्या हाताने भेटायला नको."

"त्याला अजून आणायचा नाही."

अपाकुकी हसला. "कुठवर ठेवायचा? म्हातारा होईपर्यंत?"

"सिस्टर सांगतील तोवर."

"सिस्टर." त्याने पहार उखळात उभी ठेवली. "आपल्या घरचं पोर परक्या माणसांत, वेड्यांच्या पंगतीत बसून जेवतंय. लोक मला विचारतात. बाजारात विचारतात, चर्चच्या पायरीवर विचारतात. म्हणतात, अपाकुकी, तुमच्या घराण्यातली माणसं संपली का रे? आपण काय मेलोय?"

"तो इथं होता तेव्हा आपण जिवंतच होतो, भाऊजी."

"टोमणा मारतेस?"

"नाही. खांबाला बांधायची दोरी तुम्ही आणली होती, तेवढं सांगते."

त्याचा चेहरा बदलला. त्याने पुन्हा पहार उचलली. "तेव्हा भूत होतं. आता उतरलंय. तू स्वतःच सांगितलंस, खातो, झोपतो. मग आणखी काय पाहिजे? इथं नदी आहे, माणसं आहेत. संध्याकाळी चार वाट्या यांगोना पोटात गेला की गाढ झोपेल. गोळ्याबिळ्या कशाला?"

"आणि इस्टरचे सामने कशाला?"

पहार खाली आली. हुंकार आला नाही.

"सामने आहेतच," तो म्हणाला. "त्यात लपवायचं काय? पळेल, घाम गाळेल, लोक टाळ्या वाजवतील, त्याला बरं वाटेल. ते पाय गावाचे आहेत, उनाइसी. तुझ्या एकटीचे नाहीत."

"त्या पायांवर वळ आहेत. ते कुणाचे?"

"घरी जा," तो हळू म्हणाला. "पाय धू. आणि दाताच्या कामात बायकांनी बोलायचं नसतं, हे तुला तुझ्या माहेरी शिकवलं असेल."

शिकवलं होतं. उनाइसी घरी आली, पाय धुतले, चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानामागच्या टेकाडावर चढली. तिथं फोनला रेंज मिळते. डोंगराच्या घरच्या सिस्टर तोरिका पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या. आवाज खरखरीत, वाक्यं तोडकी.

"मी तर नाही म्हणणार," सगळं ऐकून सिस्टर म्हणाल्या. "पण माझ्यापुढं दात ठेवतंय कोण? ते पाळकबाबांपुढं ठेवतील."

"पाळकबाबा नाही म्हणतील ना?"

"पेनिआमिना चांगला माणूस आहे. पण त्याने जन्मभर दात घेतलेत. लग्नात घेतले, मयतात घेतले. मी त्याला सांगते, त्या दिवशी हात मांडीखाली दाबून बस."

"सिस्टर, एमोसी कसा आहे?"

"अजून कधीकधी आवाज ऐकतो. पण आता येऊन मला सांगतो, आवाज आला म्हणून. आधी आवाजाचं ऐकायचा. हे मोठं आहे, उनाइसी. पण कच्चं आहे. गोळी चुकली की सगळं वाहून जाईल. आणि पुढचं वचन मी कुणालाच देत नाही. इथून बरे होऊन गेलेले कितीतरी परत आलेत."

शनिवारी सकाळी ट्रक निघाला. पुढे चालकाशेजारी अपाकुकी, मांडीवर सालीच्या कापडात गुंडाळलेला दात. मागे साकिउसा आणि घराण्यातले आणखी काही पुरुष, सगळे इस्त्रीच्या सुलू लुंगीसारख्या गुंडाळून, केसांना तेल लावून. उनाइसी टोपलीजवळ फळीवर बसली. टोपलीत उकडलेले अळूचे गड्डे, कोंबडी, नारळाच्या दुधातली पालेभाजी. वाटेत पुरुष सामन्यांचं बोलत होते. एमोसीला डाव्या बाजूला खेळवायचं की उजव्या, यावर वाद झाला. साकिउसाला कुणीतरी विचारलं, "काय रे, तुझा पोरगा, तू सांग." तो म्हणाला, "दादा ठरवेल." सगळे हसले, तोही हसला. उनाइसीने टोपलीची कड इतकी घट्ट धरली होती की तळहातावर तिचे वळ उमटले.

डोंगराचं घर म्हणजे लांबोडकी पत्र्याची इमारत, मागे गोठा, पुढे भाजीचे वाफे. फाटकावर काय आत आणायचं नाही याची चित्रं काढली होती. बाटली, नळी, चिलीम, यांगोनाचं मूळ. अपाकुकीने उतरताना यांगोनाचा भारा हातात घेतला. तो फाटकावरच काढून घेतला गेला, तेव्हा तो हसत म्हणाला, "मुळाशिवाय दुसऱ्याच्या दारात जायचं म्हणजे नागडं जायचं." फाटकावरचा माणूस हसला नाही.

मोठ्या खोलीत चटया घातल्या होत्या. वरच्या बाजूला या घराचे प्रमुख, पाळक पेनिआमिना, मांडी घालून बसले होते. पांढरे केस, सुरकुतलेली मान. खरंच त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली सरकवले होते. सिस्टर तोरिका त्यांच्या बाजूला खुर्चीवर बसल्या. पुरुष खाली आणि बाई खुर्चीवर, हे अपाकुकीच्या माणसांनी बघितलं आणि एकमेकांकडे बघितलं. उनाइसी दाराजवळ, खालच्या बाजूला बसली. तिथून तिला पुरुषांच्या पाठी दिसत होत्या. जन्मभर तिने अशा कामांत पाठीच बघितल्या होत्या.

सिस्टर आधीच बोलल्या. "तुम्ही कशाला आलात ते मला माहीत आहे. मुलगा जाणार नाही. त्याचं औषध अजून बसायचंय. जेवण करा, त्याला भेटा आणि परत जा."

अपाकुकीने त्यांचं ऐकल्यासारखं दाखवलंच नाही. त्याने कापड सोडलं, दात दोन्ही हातांवर घेतला आणि गुडघ्यांवर पुढे सरकला. त्याचा आवाज उतरला, मऊ झाला. ही बोलणी त्याला येत होती, आणि फार सुंदर येत होती.

"हा दात लहान आहे. आमचं तोंड लहान आहे. लांबच्या नदीवरून आम्ही आलो ते घाबरत आलो. आमचं एक पोर तुमच्या छपराखाली आलं. त्याला तुम्ही अन्न दिलंत, अंथरूण दिलंत. आम्ही त्याचं ऋण फेडू शकत नाही. आता त्याचा पाट रिकामा आहे, त्याची नदी त्याला विचारते. त्याला आमच्या हातात परत द्या, एवढंच मागणं. हा दात लहान आहे."

त्याच्या माणसांनी ओंजळी वाकवून खोल टाळ्या वाजवल्या. एक, मग एक, मग एक. खोली भरून गेली. पाळकबाबांचे डोळे मिटले. ओठ हलायला लागले. आणि त्यांचे हात मांड्यांखालून निघाले.

"पाळकबाबा," सिस्टर म्हणाल्या.

हात पुढे गेले. त्यांनी दात घेतला, कपाळाजवळ नेला, आणि तोंडून स्वीकाराचे शब्द आपोआप निघाले, जसे हजार मांडवांत निघाले असतील. शब्द संपल्यावर त्यांनी डोळे उघडले. हातातल्या दाताकडे बघितलं. मग सिस्टरकडे बघितलं. त्यांचा खालचा ओठ लोंबला.

"काय केलंत," सिस्टर म्हणाल्या. "काय केलंत हो."

"मी," पाळकबाबा म्हणाले, "माझे हात..."

"झालं," अपाकुकी प्रसन्न आवाजात म्हणाला. "देवाने भलं केलं. पोराला कपडे भरायला सांगा. आणि उनाइसी, जेवण काढ."

ती उठली. जेवण काढलं नाही. ती मागच्या दाराने गोठ्याकडे गेली.

एमोसी नळाखाली दुधाच्या बादल्या घासत होता. अंगावर मांस आलं होतं. डोक्यावरचे केस बारीक कापलेले, मानेवर घाम. आईला बघून तो उठला नाही, घासतच राहिला.

"टाळ्या ऐकल्या मी," तो म्हणाला. "माझ्या मागणीच्या होत्या ना?"

"हो."

"घेतला?"

"घेतला."

त्याने बादली पालथी घातली. त्याचा हात थोडा थरथरत होता. औषधाने थरथरतो, असं सिस्टरनी सांगितलं होतं.

"मोठे बाबा मला नेऊन कुठं झोपवणार? त्यांच्याच घरात ना? पोरं त्यांच्याच ओट्यावर बसतात, आई. खिशात घेऊन बसतात. मोठ्या बाबांना ठाऊक नाही असं नाही. ते तिकडे बघत नाहीत." त्याने दुसरी बादली ओढली. "मी पहिल्या संध्याकाळी नाही म्हणेन. दुसऱ्यालाही म्हणेन कदाचित. मग कुणीतरी म्हणेल, काय रे वेड्या, गोळ्या खाऊन आलास का? आणि मी..."

"तू आत येऊन सांग सगळ्यांना. जायचं नाही म्हण."

"मोठ्या बाबांच्या तोंडावर?" त्याने पहिल्यांदा आईकडे बघितलं. मार खाल्लेल्या कुत्र्यासारखं बघितलं. "दात ठेवलेला असताना मी काय बोलू? तू बोलशील?"

तिला त्याचा राग आला. मग आपलाच आला. मग तो राग दोघांवरून उठून त्या खोलीकडे गेला आणि तिथंच राहिला.

"मला आत्ता नको नेऊस," तो बादलीकडे बघून म्हणाला. "एवढंच. नंतर ने."

ती खोलीत परत आली तेव्हा पुरुषांनी टोपली स्वतःच उघडली होती. अपाकुकीच्या बोटांना कोंबडीचं तेल लागलं होतं. पाळकबाबांच्या मांडीवर दात तसाच होता, त्यांनी तो खाली ठेवलाही नव्हता. सिस्टर खिडकीशी उभ्या होत्या, पाठ करून.

उनाइसी दाराशी बसली नाही. चटयांच्या मधून, बसलेल्या पुरुषांच्या खांद्यांना आपली सुलू लागणार नाही अशी वाकून, ती वरच्या बाजूला गेली. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, तिकडे कुठं?" ती पाळकबाबांपुढे गुडघ्यांवर बसली.

"बाबा, द्या."

पाळकबाबांना कळायला वेळ लागला. मग त्यांच्या बोटांची पकड सैल झाली. सैल होताना त्यांच्या तोंडून श्वास सुटला, ओझं उतरवणाऱ्या हमालाचा सुटतो तसा. दात तिच्या हातांवर आला. तिने तो यापूर्वी कधी धरला नव्हता. तेल लावताना, पुसताना, पेटीत ठेवताना पुरुषच धरत. तिला वाटलं होतं त्यापेक्षा तो खूप जड होता.

ती गुडघ्यांवर वळली आणि अपाकुकीपुढे झाली.

"काय चाललंय हे?" तो म्हणाला. तोंडात घास होता. "साकिउसा, तुझी बायको."

साकिउसा त्याच्या मागच्या रांगेत बसला होता. 

उनाइसीने दात पुढे केला. तिचा आवाज मोठा नव्हता. मोठ्याने बोलण्याची तिला सवयच नव्हती. पण शब्द तिला येत होते. दाराशी बसून, चुलीपाशी बसून, पाठी बघत बघत ते सगळे तिच्या कानांत गेले होते.

"हा दात मोठा आहे. ज्या घरून आला त्या घराचा मान मोठा आहे. तो आला, आम्ही पाहिला, डोक्यावर घेतला. आता तो परत जातो. ज्याला मागितलं तो माझ्या पोटचा आहे. तो आजारी आहे. आजारी माणूस मागण्याची वस्तू नाही. त्याला खांबाला बांधून मारलं त्या हातांत मी त्याला देत नाही. ज्या ओट्यावर पोरं खिशात पांढरं घेऊन बसतात, त्या ओट्यावर मी त्याला देत नाही. हा दात परत जातो."

शेवटचं तिने कुठल्याही लग्नात ऐकलेलं नव्हतं.

कुणी टाळी वाजवली नाही. अपाकुकीने घास गिळला. त्याने तेलकट बोटं हळूहळू फडक्याला पुसली, पण हात पुढे केले नाहीत.

"बाईच्या हातून दात मी घेत नाही," तो म्हणाला. "धरून बस."

ती धरून बसली. परत केलेला दात मागणाऱ्या घरातल्या कुणी घेतला तरच मागणी मोडते, कुणी घेतला नाही तर तो परत गेलाच नाही, हे तिला माहीत होतं. अपाकुकीलाही माहीत होतं. तिचे दंड भरून आले. घाम काखांतून कोपरांवर उतरला. गुडघ्याखालची चटई टोचायला लागली. बाहेर एक गाय हंबरली. एक म्हातारा चुलता खोकला आणि म्हणाला, "पोरी, ठेव खाली. लाज वाटू दे." तिने ठेवला नाही. तिला लाज वाटत होतीच. पण त्या लाजेच्या खाली राग होता, आणि राग हात वर धरून होता. देवा, ती मनात म्हणाली, माझे दंड तुझे आहेत, आत्ता मला दगा देऊ नकोस. तरीही दात थरथरायला लागला. नव्या दोरीचं टोक लटलटत होतं.

अपाकुकी ते टोक बघत होता. तो वाट बघायला तयार होता. त्याला माहीत होतं दंड किती वेळ टिकतात.

मग मागच्या रांगेतून साकिउसा गुडघ्यांवर पुढे आला. थोरल्या भावाच्या डाव्या खांद्यावरून त्याने हात पुढे काढले. थोरल्या भावाच्या डोक्यावरून, खांद्यावरून हात नेत नाहीत. गावातलं लहान पोरही नेत नाही.  त्याने ओंजळ वाकवून एक टाळी वाजवली. ती नीट वाजली नाही. मग त्याने बायकोच्या हातांवरून दात घेतला.

"आला," तो म्हणाला. "परत आला."

अपाकुकीने मान वळवली नाही. त्याच्या मानेची शीर तट्ट फुगली होती.  मग तो उठला, सुलू झटकली, आणि दाराकडे गेला. त्याची माणसं एकेक करून उठली. कोणी टोपलीकडे बघितलं, कोणी बघितलं नाही. साकिउसाने दात कापडात गुंडाळून त्यांच्यातल्या एकाच्या हातात दिला. ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. कुणी त्या दोघांसाठी थांबलं नाही.

सिस्टर तोरिका खिडकीपासून वळल्या. "जेवण गार होतंय," त्या खरखरीत आवाजात म्हणाल्या. "पोरांना वाढते." जाता जाता त्यांनी पाळकबाबांच्या खांद्यावर हात ठेवला. पाळकबाबा तोंडावर हात घेऊन बसले होते.

एमोसीला उनाइसी भेटली नाही. मागच्या दारातून तिने एवढंच बघितलं की तो गाई आत घालतोय आणि एका आडमुठ्या गाईला शिव्या देतोय. साध्या, रोजच्या शिव्या. तेवढं बघून ती निघाली.

डोंगर उतरून बसच्या रस्त्यापर्यंत दूर चालायचं होतं. साकिउसाने रिकामी टोपली घेतली होती. खडीवर त्याच्या चपलांचा आवाज तिच्या मागून येत होता.

"दादा आता काय करील?" थोड्या वेळाने तो म्हणाला.

ती चालत राहिली.

"जमीन त्याच्या ताब्यात. होडी त्याची. रविवारी चर्चमध्ये लोक..." तो थांबला. "माफी मागायला जावं लागेल. यांगोना घेऊन. दोघांनी जावं लागेल."

"तुम्ही जा."

"तुझ्याशिवाय कसं? बोललीस तू."

"मग जाऊ नका."

तो थोडा वेळ चालला. "मी घेतला ना, शेवटी," तो म्हणाला. "घेतला ना मी?"

उनाइसी थांबली. वळली. त्याच्या टोपलीकडे, इस्त्रीच्या सुलूकडे, घामेजल्या तोंडाकडे तिने बघितलं. त्याला काहीतरी ऐकायचं होतं, आणि ते त्याला द्यायला तिच्याकडे आत्ता काही नव्हतं.

"दोरी कुणी वळली होती?" ती म्हणाली.

साकिउसाने मान खाली घातली.

ती पुढे चालायला लागली. खालून, वळणावरून, धूळ अजून वर येत होती, ट्रकची. तिचे दंड दुखत होते, गुडघे सोलले होते. राग उतरला नव्हता. तो उतरावा म्हणून तिने प्रार्थनाही केली नाही. गाव लांब होतं, आणि तिथं पोचेपर्यंत तो तिला पुरवायचा होता.